साखरपुड्याचा फोन

आमच्या गावात पोरांना बसायला पार होता, सलूनचं बाकडं होतं, पुलाचा कठडा होता. पोरींना बसायला एकच जागा होती, आमची पिठाची गिरणी. डोक्यावर डबा दिला की पोरगी दीड तास कुठं होती असं घरी कुणी विचारत नसे, कारण गिरणीवर नंबर असतो आणि नंबर लागायला वेळ लागतो, हे गावातल्या सगळ्यात संशयी बापालाही मान्य होतं. आमचं गाव शेवगावच्या पुढं, कोरड्या बाजूला. लाईटचं वेळापत्रक आठवड्याला बदलायचं. लाईट आली की बाया हातातलं काम टाकून डबे उचलायच्या, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, मोटार चालू करायच्या आधी डब्यांची रांग लावायचे. आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी, सगळ्यात शेवटी हरभऱ्याची डाळ. कुणी कितीही लवकर येवो, डाळवालीला शेवटपर्यंत थांबणं भाग होतं. म्हणून माझ्या दोघी मैत्रिणी, प्रतीक्षा आणि मनीषा, घरून मुद्दाम डाळ घेऊन यायच्या. प्रतीक्षाच्या घरी इतकं बेसन साठायचं की आठवड्यातले चार दिवस पिठलंच असायचं. तिचा चुलता ताटावर बसला की कपाळाला हात लावायचा.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागूनच आमचं घर. गिरणी सुरू झाली की मांडणीवरच्या पितळ्या थरथरायच्या, आणि आईनं चुलीवरून हाक मारली तर ती ओरडूनच मारावी लागे. त्यामुळं आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच लागली नाही. पुढं लग्न झाल्यावर सासरी मला कुणीतरी म्हणालं, "जरा हळू बोलत जा." मी सांगितलं, गिरणीवाल्याची आहे, तुम्हीच सवय करून घ्या. त्यांनी करून घेतली. पिठाचा वास केसांतून जायचा नाही. कॉलेजात पोरं मला 'भाकर' म्हणायची. मी पहिल्या वर्षी रडले, दुसऱ्या वर्षी एकाच्या पाठीत दप्तर घातलं, तेव्हापासून म्हणायची बंद झाली. संध्याकाळी आई हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची, लसणाचा असा घसघशीत ठेचा घालून की प्रतीक्षा आणि मनीषा आपापल्या घरी जेवायचं विसरायच्या. वाटीतला रस्सा फुंकत, नाक ओढत, आमच्या गप्पा चालायच्या. त्या गप्पा म्हणजे फोन, सिनेमा आणि सिरीयल. दुसरा विषय नाही.

गंमत म्हणजे तेव्हा तिघींत मिळून फोन एकच, तोही प्रतीक्षाच्या चुलत्याचा. त्याची काच कोपऱ्यातून फुटलेली, तिला सेलोटेप लावलेली. पण ज्ञान असं पाजळायचो की आमच्याकडंच कंपनीचं दुकान आहे. प्रतीक्षा त्यात उस्ताद. "नुसतं मेगापिक्सल बघून काय करती? रॅम बघ रॅम. रॅम नसंल तर तुझा मेगापिक्सल हँग हुतो." मनीषाचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर ती आमच्यातून उठून जायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची, आणि येताना ट्रॅक्टरवाल्यांच्या फोनवर पाहिलेले दक्षिणेकडचे सिनेमे डोक्यात भरून आणायची. ती गोष्ट सांगायला लागली की दळण न्यायला आलेल्या म्हाताऱ्यासुद्धा टेकायच्या. "हिरो नुस्ता पाय आपटतो, अन् सात जीपा वर." एकीनं विचारलं, "खाली कवा येत्यात?" मनीषा म्हणाली, "ते पुढच्या पार्टात, मावशे." प्रतीक्षाचं म्हणणं, त्या जीपा कॉम्प्युटरवर उडवतात. मनीषाला ते मान्य नव्हतं. त्यावरून दोघी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आज माझी मुलगी असल्या गोष्टी जेवताना एका हातानं बघते आणि कुणाशी भांडत नाही. तिच्यापेक्षा आमची मजा जास्त होती, हे मी तिला तोंडावर सांगते.

माझं लग्न ठरवलं दादानं. दादा, माझा थोरला भाऊ, सुप्याला एमआयडीसीतल्या कंपनीत होता. त्याच्याच खोलीवर राहणारा अमोल, नोकरी पर्मनंट, घरी विहीर, दिसायला बरा. मी बारावी झालेली. राहुरीला कृषीच्या डिप्लोमाला जायचं माझ्या मनात होतं. दादा म्हणाला, लग्नानंतर शिक, अमोलची ना नाही. अमोललाही विचारलं तर तो म्हणाला, "शिका की." आता आमच्याकडं एक नवीन रीत पडली होती. साखरपुड्यात नवरा मुलगा मुलीला साडी-अंगठीबरोबर फोन देतो. लग्नापर्यंत दोघांनी बोलावं म्हणून. बाया बाकी सगळं सोडून आधी ते खोकं बघायच्या, आणि फोन कुठला यावरून स्थळाची किंमत ठरायची. अमोलनं दिलेला फोन चांगला होता, मागं निळी चमक असलेला. त्यानं तो खोक्यातून काढून चालू करूनच माझ्या हातात दिला. "सगळं सेट केलंय. काई करायची गरज न्हाई," म्हणाला. मला तो भारी वाटला. कोणाला वाटणार नाही!

दुसऱ्या दिवशी लाईट आली तेव्हा गिरणीवर त्या फोनचा असा सोहळा झाला की मूळ साखरपुडा फिका पडला. प्रतीक्षानं हात धुऊन, ओढणीला पुसून तो हातात घेतला. "अगं, स्टोरेज बघ! तुझी सगळी भावकी बसंल ह्यात." मनीषाला एकच हवं होतं, स्लो मोशन. तिनं खुंटीवरची आप्पांची टोपी घातली, आप्पांचाच सदरा चढवला, ओंजळभर पीठ हवेत उडवलं आणि त्यातून चालत आली, हळूहळू, मान तिरकी करून. आम्ही हसून हसून पोत्यांवर लोळलो. मग रोजचंच झालं. मनीषा हिरो, मी व्हिलन, प्रतीक्षा कॅमेरा. कधी नंबरला बसलेल्या बायाही मागं दिसायच्या, पदराआड हसताना. एकदा सरूकाकूनं, गावात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता त्या बाईनं, हातात उलथनं धरून सिरीयलमधल्या सासूचा असा डायलॉग मारला की आप्पांनीही गिरणी बंद करून मान वळवली. तो व्हिडिओ आम्ही वीसेक वेळा पाहिला असेल.

अमोलचा रोज संध्याकाळी फोन यायचा. आधी आधी गोड बोलायचा. एकदा म्हणाला, "आज पिवळा ड्रेस घातल्ता ना?" मी चाट पडले. मैत्रिणींना सांगितलं तर मनीषा छातीवर हात ठेवून म्हणाली, "ह्याला म्हनत्यात प्रेम! मनातलं वळकतो गं तुज्या." मीही फुशारले. मग एकदा म्हणाला, "आज दुपारी दोन तास गिरणीवरच?" मग एकदा, "राहुरीच्या कॉलेजची फी कशाला बघत होतीस? लग्नानंतर बघू म्हणलो ना." मला वाटलं, दादानं सांगितलं असेल. दादाला तरी कुठून कळणार, हा विचार मी केला नाही. माणूस प्रेमात असला की डोकं गहाण ठेवतो. मी ठेवलं होतं, त्यात लाजायचं काय.

मग तो म्हणाला, "ती टोपी घालून नाचती ती ऊसतोड्याची ना? तिच्यासंगं बसत जाऊ नको. आपल्या घरात हे चालत न्हाई."

मनीषाबद्दल मी त्याला अक्षर सांगितलं नव्हतं.

प्रतीक्षाला गाठलं. तिनं फोन घेतला, सेटिंग उघडली, खाली गेली, वर आली, आणि मग तिचं तोंड उतरलं. फोनमध्ये ईमेल आयडी अमोलचा होता. आता हे वाचणाऱ्या शहरातल्या माणसाला वाटेल, एवढं साधं कळलं कसं नाही? कसं कळणार? आमच्या गावात बायकांचा स्वतःचा आयडी नसायचाच. फोन घेतला की दुकानदार त्याच्या मनानं आयडी घालून द्यायचा, नाहीतर घरातला जो पुरुष हुशार असेल त्याचा चालायचा. पासवर्ड विचारायचा असतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. प्रतीक्षासारखी रॅमवर व्याख्यान देणारी, पण तिच्याही घरातले तीन फोन चुलत्याच्या एका आयडीवर. त्यामुळं पहिल्या दिवशी तिनं अमोलचं नाव बघितलं होतं आणि काहीच वाटून घेतलं नव्हतं.

"म्हंजी काय गं नेमकं?" मनीषानं विचारलं.

"म्हंजी हिनं काढलेला दर फोटू त्याच्या फोनवर जातो. आपोआप. ही कुठं गेली ते दिसतं. काय शोधलं ते दिसतं." प्रतीक्षानं फोन माझ्या मांडीवर ठेवला, गरम तवा ठेवावा तसा. "वैशे, हा तुझा फोन न्हाईच. त्याचाच हाय. नुस्ता तुझ्या हातात हाय."

"सरूकाकूचा पन गेला?" मी विचारलं.

"सगळे गेले."

मनीषानं खुंटीवरच्या टोपीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी येत जाऊ नको का गिरणीवर?" तिचा तो प्रश्न मला आजही जिव्हारी लागतो. त्या एका प्रश्नानं माझं ठरलं. फोन बदलून हे भागणार नव्हतं. ज्या घरात मला जायचं होतं तिथं मी कुठं बसावं, कुणाशी हसावं, काय शोधावं, ह्याची पाहणी लग्नाआधीच सुरू झाली होती, आणि त्या पाहणीला सगळे प्रेम म्हणणार होते. मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "काळजी करतो म्हनून बघतो. न बघनारा नवरा लई बरा असतो का?" मी म्हणाले, "मला न्हाई करायचं हे लग्न." आईची भाकरी परातीतच फाटली. "पत्रिका छापायला गेल्यात. तोंडातनं पुन्यांदा हा शब्द काढू नको."

तीन दिवसांनी बस्ता होता. अमोल, त्याचे आईवडील आणि दादा सकाळी आमच्याकडं येऊन, चहा-पोहे घेऊन, दोन्ही घरचे मिळून नगरला लग्नाचे कपडे घ्यायला जाणार होते. त्या तीन दिवसांत मी नीट जेवले नाही. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. एकदा वाटलं, जाऊ दे, फोटो काढायचे नाहीत, संपलं. पण मग वाटलं, आज फोटो नाहीत, उद्या मैत्रिणी नाहीत, परवा कॉलेज नाही, आणि मग मी तरी कुठं उरते? प्रतीक्षानं मला फोन पूर्ण कोरा कसा करायचा ते शिकवलं. मी तो कोरा केला, पुसला, खोक्यात घातला. चार्जर, इयरफोन, ती सिमची पिन, सगळं जागच्या जागी ठेवलं.

पाहुणे बसले. पोह्यांच्या बश्या दिल्या. शेवटच्या खेपेला मी ताटलीत चहाचे कप आणि मधोमध ते खोकं घेऊन गेले. अमोल हसून म्हणाला, "हे काय, खराब झाला का?"

"न्हाई. चांगला हाय. परत घ्या."

दादा म्हणाला, "वैशे, काय चेष्टा लावली?"

"चेष्टा न्हाई. ह्यांनी ह्यांचा आयडी घालून फोन दिला. माझे फोटू ह्यांच्याकडं जात होते, मी कुठं बसते ते ह्यांना दिसत होतं. मला सांगितलं न्हाई. मी हे लग्न करनार न्हाई."

मग सगळे एकदम बोलायला लागले. अमोलची आई म्हणाली, "अगं बाई, नवऱ्यानं बघितलं तर काय आभाळ कोसळलं? आमच्या सुना फोन वापरत्यात, पन धाकात." अमोलचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "चोरी केली का मी? मी घेतलेला फोन हाय. होणाऱ्या नवऱ्याला एवढा हक्क न्हाई?"

"अजून झाला न्हाईत," मी म्हणाले, "अन् झाला असता तरी न्हाई." माझा आवाज चढला होता. त्या घरातला कायमचाच चढलेला आवाज, पण त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून तो रस्त्यापर्यंत गेला. दादा उठून माझ्या अंगावर आला. "माझी कंपनीत काय इज्जत राहील? कळतंय का तुला?"

तेवढ्यात आप्पा बोलले. आप्पा सहसा बोलत नसत. त्यांनी विचारलं, "गिरनीतले फोटू पन गेले?"

"हो," मी म्हणाले.

"बाकीच्या बायांचे पन? सरूचा?"

"हो, आप्पा."

आप्पा उभे राहिले. अमोलला म्हणाले, "पाव्हनं, माझ्या गिरनीवर गावच्या लेकीबाळी बिनघोर बसत्यात. त्यांचे बाप मला इचारत न्हाईत. त्या सुप्याला तुमच्या खोलीवर पोचल्या आन् मला पत्ता न्हाई. आधी ते पुसा. हितंच बसून पुसा." अमोलनं दादाकडं पाहिलं. दादानं मान खाली घातली, कारण त्या खोलीवर तोही राहायचा, आणि सरूकाकूचा व्हिडिओ त्यानंही पाहिला असणार. अमोलनं फोन काढला आणि एकेक पुसायला लागला. दारात कधीची येऊन उभी राहिलेली प्रतीक्षा म्हणाली, "पाव्हनं, कचऱ्याच्या डब्यातनं पन काढा. तिथं महिनाभर राहत्यात." मला त्या अवस्थेतही हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

लोक आजही ही गोष्ट सांगताना म्हणतात, बापानं लेकीची बाजू घेतली. नाही घेतली. आप्पा माझ्या मनासाठी उठले नाहीत, गिरणीच्या अब्रूसाठी उठले. मला तेव्हा ते लागलं होतं. आता वाटतं, चालतंय. माणूस ज्या कारणानं उठतो त्या कारणानं उठू दे. अमोल वाईट नव्हता असंही सगळे सांगतात. मीही मानते. त्याला कुणी अडवलं नव्हतं, एवढंच. पुढं त्याचं दुसरीकडं झालं. त्यानं तिला साखरपुड्यात कुठला फोन दिला हे मी विचारायला गेले नाही, पण त्या मुलीची मला फार दिवस काळजी वाटली.

ते लोक गेले आणि मग घरातलं खरं युद्ध सुरू झालं. दादा दिवाळीला आला नाही. गावात उठलं की वैशालीचंच काहीतरी असणार, म्हणून फोटोला घाबरली. काही बायांनी दळण पोरांबरोबर पाठवायला सुरुवात केली. प्रतीक्षा आणि मनीषा दुसऱ्याच दिवशी डाळ घेऊन हजर झाल्या. मनीषा टोपी नसतानाही तशीच मान तिरकी करून दारातून आत आली, आणि आप्पांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. सरूकाकू तिसऱ्या दिवशी आली. माझ्याजवळ बसली, म्हणाली, "पुसला तर पुसला. माझा डायलॉग पाठ हाय मला." पण आई माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, बोलायची नाही. केस विंचरून द्यायची तेही थांबलं. आठ दिवस असे गेले. मी राहुरीचा फॉर्म भरला तेव्हा तिच्यासमोर सहीला ठेवला, तिनं बघितलं नाही, आप्पांनी केली.

नवव्या दिवशी भर सकाळी, लाईट असताना, दळणाची गर्दी असताना, आई चांगलं लुगडं नेसून माझ्यासमोर उभी राहिली. हातात तिचा बटणांचा फोन. तिच्या बहिणीशी, म्हणजे माझ्या मावशीशी, ती त्याच्यावर बोलायची. दादा आमच्यावर चिडल्यापासून तो फोन दोनदा लागेनासा झाला होता, आणि दोन्ही वेळा आईनं तो मांडणीवर ठेवून दिला होता.

"ह्यातलं सिम कुनाच्या नावावर हाय?" तिनं विचारलं. आठ दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"दादाच्या."

"त्यानं बंद कर म्हनलं तर बंद हुतं?"

"व्हय."

आईनं चपलेत पाय घातला. अंगठा पट्ट्यात बसेना, तो दोनदा काढून पुन्हा घातला. मग म्हणाली, "आवर. शेवगावला जायचं. नवं सिम घ्यायचं. दुकानवाला नाव इचारील तवा आप्पांचं सांगायचं न्हाई, दादाचं सांगायचं न्हाई." मी उठले. दारापर्यंत गेल्यावर तिनं माझा दंड धरला. "आन् नाव मी सांगनार हाय," आई म्हणाली. "तू मधी बोलू नको."